भुताच्या पट्टीचा पत्ता

पत्त्याच्या बाबतीत माझ्या मामेसासऱ्यांइतका काटेकोर माणूस परभणी जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होईल असेही वाटत नाही. माणसाने एक वेळ वयाबद्दल खोटे बोलावे, पगाराबद्दल तर बोलावेच, पण घराबद्दल बोलू नये, असा त्यांचा दंडक. कुणी नुसते 'मी परभणीचा' म्हटले की मामा 'परभणीत कुठं?' म्हणून मागे लागत, आणि पाहुणा आपल्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचल्याशिवाय त्याला चहा मिळत नसे. एकदा सख्ख्या भाच्याची लग्नपत्रिका आली. तीवर मामांच्या गावाचा, ताडकळसचा, तालुका पूर्णाऐवजी गंगाखेड पडला होता. मामांनी ती पोस्टमनच्या हाती परत दिली. "ही तुझ्या ओळखीनं आली, पत्त्यानं न्हाई," म्हणाले, आणि लग्नाला गेले नाहीत. मामी मात्र जाऊन जेवून आल्या.

या हट्टामागे एक दुखणे होते आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होते. मामांचा धाकटा भाऊ तरुणपणी त्यांच्याशीच भांडून चुडाव्याच्या स्टेशनात गाडीत बसला, तो परत आला नाही. पुढे मामांनी जुने घर विकून मारुतीच्या पारामागे नवे बांधले, आणि भाऊ आलाच तर जुन्या दारावरून परत फिरेल, ही धास्ती त्यांच्या मनात बसली. गावात कुणीही घर दाखवील, असे आम्ही म्हणायचो. पण भाऊ कुणाला घर विचारणाऱ्यातला नव्हता. त्या घरात तसे कुणीच नव्हते.

पूर्णेत माझे कॉम्प्युटरचे दुकान आहे. भाऊ कुठेही असला तरी इंटरनेट बघत असणारच, या हिशेबाने मामांनी माझ्याकडून एक वेबसाइट करून घेतली. नाव ठेवले 'भुताची पट्टी'. लहानपणी भावाला शेताच्या एका पट्टीत भूत दिसले होते. ते मामांचेच वाळत घातलेले धोतर निघाले, पण त्या पट्टीचे हे नाव दोघा भावांत राहिले. साइटचे नाव घेताना मालकाचे नाव, पत्ता, फोन नोंदवावा लागतो, आणि त्या काळी ती नोंद जगात कुणालाही उघडून पाहता येई. ती झाकून ठेवायची सोय आहे, असे मी सुचवले. मामांनी चष्मा काढला. "झाकायला मी काय कुणाचे बैल सोडून आणलेत?" मग तोंडाने सांगून पत्ता लिहायला लावला: मारुतीच्या पारामागं, डाव्या हाताला निळं दार, कडी वरून काढावी. साइटवरही पत्ता टाकला होताच, पण त्यांचा भरवसा नोंदीवर. साइटवर कुणीही काहीही लिहील, नोंद म्हणजे नोंद.

भाऊ आला नाही. फोन मात्र पुष्कळ आले. साइट सुंदर करून देऊ का, म्हणून दिल्लीकडच्या मुली हिंदीतून विचारत. एकाने तर भुताचे सिनेमे काढता का, असे विचारले. मामा प्रत्येकाचे गाव विचारत, पाऊसपाणी विचारत, आणि शेवटी भावाच्या भुवईवरची खूण सांगून "कहीं दिखा तो बोलना" असे बजावत. वर्षातून एकदा साइटचे नाव देणाऱ्या कंपनीची मेल येई: आपली माहिती बरोबर आहे ना, पाहून घ्या. बदल नसेल तर उत्तर द्यायची गरज नसते. मामा सत्यनारायणाला बसावे तसे अंघोळ करून दुकानात येत आणि उत्तर देतच. 'माहिती बरोबर हाय. निळा रंग जरासा उडालाय.' त्या दिवसांची मला अजून आठवण येते.

मग नियम बदलले आणि नोंदीतली नावे आपोआप झाकली गेली. मामांच्या नावाच्या जागी 'गोपनीयतेसाठी झाकले आहे' एवढीच ओळ उरली. मामांनी ती मोठ्याने वाचली. "मला न इचारता माझं दार लावून घेतलं की," म्हणाले. मला फार वाईट वाटले.

गेल्या वर्षी मामी वारल्या आणि मुलगा मामांना पुण्याला घेऊन गेला. यंदा मेल आली तेव्हा मी फोन करून विचारले, पुण्याचा पत्ता टाकू ना? जन्मभर खऱ्या पत्त्यासाठी भांडलेला माणूस पत्त्यापाशीच अडला. पुणे लिहिले तर भाऊ निळ्या दाराशी येणार नाही, ताडकळस लिहिले तर ते खोटे. शेवटी म्हणाले, "लिवा. मुक्काम पुणे, लेकाकडं. घर ताडकळसलाच हाय. किल्ली समोरच्या भाभीकडं. आलास तर दार उघडून बस, मी निघालोच."

हे आता कुणालाच दिसणार नाही, याची मी त्यांना आठवण करून दिली.

"झाकलेलं हाय म्हणून खोटं लिवावं का, जावईबापू?"

मी लिहायला घेतले. पत्त्याच्या ओळीत एवढा मजकूर मावेना. शेवटचे दोन शब्द उरले, तेव्हा गावाच्या नावासाठी असलेल्या रिकाम्या जागेत मी टाकले: मी निघालोच.