विम्यात हेही बसतं

शेंद्र्यातल्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपची सुपरवायझर आहे. गाड्यांचे पत्र्याचे भाग आमच्याकडे दाबून तयार होतात. सकाळची पाळी सातला सुरू होते. त्याआधी प्रत्येक प्रेसचा गार्ड म्हणजे संरक्षक जाळी, हात आत असला तर प्रेस थांबवणारा सेन्सर आणि बटणं तपासून चेकशीटवर सही करायची, हे माझं काम.

गेल्या वर्षी एका सकाळी मी अशी सही केली आणि साडेदहाच्या सुमारास चार नंबरच्या प्रेसवर आमच्या एका ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली. माणूस करमाडचा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. बरीच वर्षं त्याच प्रेसवर होता. त्याच्या हाताला कापड मीच गुंडाळलं, दवाखान्यातही मीच नेलं. नंतर चौकशी झाली. सेन्सरची वायर आतून तुटली होती, वरून तपासून ते कळणं शक्य नव्हतं, सुपरवायझरची चूक नाही, असं अहवालात आलं. सगळ्यांनी मला सांगितलं, सुटलीस.

त्यानंतर मी प्रत्येक प्रेस दोनदा तपासू लागले. मग चारदा. मग सहा-सातदा. सगळं नीट आहे हे डोळ्यांना दिसायचं, पण पाठ फिरवली की वाटायचं, बघितलं का आपण खरंच? लाइन उशिरा सुरू व्हायला लागली. घरी आल्यावर दुपारच्या पाळीतल्या माणसाला फोन करून गार्ड लावलाय ना, असं विचारायची. एका सकाळी पेन कागदावर टेकवलं आणि हात पुढं सरकेना. शेजारच्या लाइनच्या सुपरवायझरने माझ्या जागी सही केली. मी तोंड धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले.

नवरा शाळेत शिक्षक आहे. त्याच्या शाळेत मुलांसाठी समुपदेशक येतात, त्यामुळे त्याला या गोष्टीचं वावडं नव्हतं. तो म्हणाला, "तुझ्या कंपनीचा विमा आहे ना? त्यात बघ." विम्याचं कार्ड माझ्या पर्समध्ये सहा वर्षं होतं. त्याच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला एकदा वापरलं होतं, तेवढंच.

कंपनीत एचआरला विचारायची माझी तयारी नव्हती. बाईचं डोकं फिरलंय, मशीनवर ठेवू नका, असं कुणी म्हटलं तर? म्हणून विम्याच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीने विचारलं, किती दिवस अॅडमिट राहणार? मी म्हटलं, अॅडमिट नाही, सायकॉलॉजिस्टकडे जाऊन बोलायचंय. तिने मला थांबवून ठेवलं आणि परत येऊन सांगितलं, "मॅडम, सिर्फ बात करने का पैसा नहीं मिलता."

तिथंच मी सोडून दिलं असतं. पण नवऱ्याने रविवारी दुपारी पॉलिसीचं पुस्तक छापून आणलं आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून ते वाचत गेलो. मागच्या पानांत एका तक्त्याखाली बारीक अक्षरांत ते सापडलं. मानसोपचारतज्ज्ञाने लेखी सल्ला दिला, तर नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची फी वर्षाच्या ठरलेल्या मर्यादेत परत मिळणार होती. म्हणजे आधी डॉक्टर, मग सायकॉलॉजिस्ट. दोघांत फरक असतो हेही मला तेव्हाच कळलं.

विम्याच्या अॅपवर शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांची यादी होती. पहिला नंबर कातडीच्या दवाखान्यात लागला. दुसरे डॉक्टर पुण्याला गेलेले. तिसरीकडे फोन उचलणाऱ्या बाईंनी हे कार्ड आमच्याकडे चालत नाही म्हणून ठेवून दिला. चौथे निघाले उस्मानपुऱ्यातले, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. रोज भाजी आणायला मी त्यांच्या पाटीखालून जात होते.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, झोप-जेवणाचं विचारलं आणि सध्या गोळ्यांची गरज नाही म्हणाले. एका सायकॉलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी दिली. बिलावर तिचा नोंदणी क्रमांक घ्यायला विसरू नका, नाहीतर विमावाले परत पाठवतील, असंही सांगितलं.

ती सायकॉलॉजिस्ट माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. वह्या-पेनांच्या दुकानावर तिची खोली होती. पहिला तास मी तिला प्रेस कशी चालते हेच समजावत बसले. तिने ते सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि मग विचारलं, "सातव्यांदा तपासता तेव्हा तुम्हाला काय सापडायची भीती असते?" मला रडू आलं.

पुढे तिने काम दिलं. एकदाच तपासायचं, सही करायची, वेळ लिहायची आणि परत फिरायचं नाही. भीती किती वाटते ते वहीत आकड्यांत मांडायचं. पहिल्या आठवड्यात मी रोज नियम मोडला. तिला सांगितलं तर रागावली नाही, कितव्यांदा मोडला तेवढं विचारलं. दुसऱ्या महिन्यात लाइन वेळेवर सुरू व्हायला लागली.

बिलं पाठवली तर विमावाल्यांनी परत केली. नोंदणी क्रमांक होता, पण आजाराचं नाव नव्हतं. तिने मला समोर बसवून सांगितलं, "डॉक्टर नाव लिहून देतील. पण एकदा लिहिलं की ते विम्याच्या कागदांत राहणार. तुम्ही ठरवा." मी आठवडाभर ठरवत राहिले. फी माझ्या पगारातून निभली असती. पण गुपचूप भरायची म्हणजे मी काहीतरी लाजिरवाणं करतेय, असं मला वाटायला लागलं होतं. डॉक्टरांकडून नाव लिहून घेतलं.

परत आलेली बिलं पुन्हा पाठवायची तर त्यांवर एचआरचा शिक्का लागत होता. म्हणजे ज्यांच्यापासून लपवत होते त्यांच्याच टेबलावर कागद ठेवावे लागले. एचआरच्या सरांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं नाही, शिक्का मारला. मग म्हणाले, "आपल्या विम्यात हेही बसतं?" मी हो म्हटलं. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिले. "मग त्या चार नंबरवाल्यालाही बसत असेल. तो तर पर्मनंटच आहे."

मला स्वतःचीच शरम वाटली. सात महिने मी त्याच्या बोटांचा विचार करत होते, त्याचा नाही. तो आता स्टोअरला बसतो एवढंच मला माहीत होतं. त्या बाजूला जायचं मी टाळत होते.

पुढच्या सुट्टीला मी करमाडला गेले. त्याच्या बायकोने चहा दिला. कप त्याने डाव्या हाताने धरला. कारखान्यात मॅडम म्हणणारा माणूस घरी मला ताई म्हणाला.

"ताई, मशीनचा राग हाय मला. तुमचा नव्हता. पण दवाखान्यात सोडून गेल्या अन् सात महिने तोंड नाय दाखवलं, त्याचा आला."

मी म्हटलं, मला भीती वाटत होती.

"भ्याव मला बी वाटतं," तो म्हणाला. शेजारच्या शॉपमध्ये प्रेसचा दणका बसला की तो स्टोअरमधून उठून बाहेर जातो, घरात कुणी दार आपटलं तरी अंगाला घाम फुटतो, हे त्याने बायकोसमोर पहिल्यांदाच सांगितलं. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर तो मान हलवून म्हणाला, "डोक्याचा दवाखाना नको. गावात लई बोलतेत."

"मी जाते तिथं," मी म्हटलं. "तीन महिने झाले."

"तुम्ही?"

"व्हय."

त्याचा विम्याचा फॉर्म आम्ही तिथंच भरला. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा मीच त्याच्यासोबत गेले. त्याला झोपेसाठी गोळ्या लागल्या. सायकॉलॉजिस्टकडे तो पाच वेळा गेला आणि मग बास म्हणाला. झोप येते, दणक्याने दचकतो, पण उठून जात नाही, एवढं त्याला पुरेसं होतं. मी अजून महिन्यातून एकदा जाते.

माझी बिलं मंजूर झाली, थोडी रक्कम कापून. एचआरच्या सरांनी विम्यातलं ते पान मराठीत करून कॅन्टीनच्या फलकावर लावलं. फलकापाशी उभं राहून ते वाचताना अजून कुणी दिसलेलं नाही. पण गेल्या महिन्यात वेल्डिंगमधल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन विचारलं, तिथं नेमकं काय विचारतात. मी त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सुट्टी संपली, त्याचा डबा तसाच राहिला.