गोठा मधोमध

...तर गंगाराम गवंड्याने आखणीची, चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ पायाने पुसून टाकली, इथवर आपण काल आलो होतो. विनीत बघतच राहिला! रत्नागिरीचा तरणा आर्किटेक्ट तो, पालीच्या वरच्या कातळावर दारू सोडवायची वसाहत बांधायला आलेला. राहायचं, शेती करायची, बरं व्हायचं. नकाशा झकास: दहा खोल्या एका ओळीत, भोवती सात फूट चिऱ्याची भिंत, आणि गोठा पार विहिरीपल्याड, वास नको म्हणून.

"काका, हे काय केलंत?"

"गोठा मधी येणार, खोल्या त्याच्या भोवती. आणि भिंत नाय."

आता हे शहाणपण गंगारामला आलं कुठून? अहो, पिऊन पिऊन! चौदा वर्षांमागे वेळणेश्वरला भिकाजी म्हणून एक घरमालक होते, त्यांच्या पडवीचं जोतं त्याने दारूच्या तारेत असं बांधलं, की पडवीत ठेवलेला नारळ गडगडत माजघरात जायचा. पावसाचं पाणी कुठे गेलं असतं, सांगा! भिकाजींनी शिवी नाही दिली. म्हणाले, "पाड आणि परत बांध. होईस्तोवर इथंच राहायचं, आणि दिवेलागणीला म्हशीची धार तू काढायचीस." पहिल्याच दिवशी लाथ बसली, बादली एकीकडे, गंगाराम शेणात! थरथरत्या हाताला म्हैस पान्हा सोडते होय? पण गुत्त्याकडे पाय वळायची नेमकी तीच वेळ. ती धारेत जाऊ लागली. पाऊस लागायच्या आत जोतं सरळ झालं, आणि गंगारामही.

या खेपेस मात्र घरचंच दुखणं. मुंबईहून परतलेला धाकटा भाऊ दादू या वसाहतीत पहिला यायचा होता. दारू सोडवायच्या आधीच्या दोन केंद्रांच्या भिंतींवरून तो उड्या टाकून पळालेला. गवंड्याचाच भाऊ, भिंत कशी चढायची ते त्याला कोणी शिकवायला नको! आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं: आता प्यायला, तर लिव्हर साथ देणार नाही.

"माश्या होतील काका, भेटायला येणारे नाकं मुरडतील," विनीत म्हणाला.

"मुरडू देत. संध्याकाळी सहा ते आठ या खोल्यांतला माणूस काय करील, ते तुमच्या नकाशात कुठं हाय, दाखवा बघू."

विनीतने नकाशा उलटासुलटा करून पाहिला. मग गुंडाळला, आणि स्वतःच फक्कीचं घमेलं उचललं. दुपार टळेपर्यंत दोघे दोरी धरून कातळावर फिरत होते. मधोमध गोठा, दहाही दारं गोठ्याकडे, सगळ्यांना मिळून एक चूल, एक लांब पडवी. आणि कुंपणाला नुसते दगड रचलेला, गुडघ्याएवढा गडगा.

शेवटची रेघ ओढून झाल्यावर विनीतने भीत भीत विचारलं, "काका, दादू या गडग्यावरून टांग टाकून गेला तर?"

गंगाराम म्हणाला, "गेला तर जाईल. मी पाठोपाठ जाईन नि घेऊन येईन. दहा वेळा गेला तर दहा वेळा आणीन. पण त्याला कोंडायची भिंत माझ्या हातून नाय व्हायची, साहेब. त्या कामाला तुम्ही दुसरा गवंडी बघा."