मॅडमनी पत्ता सांगितला नाही

मॅडमना कोयत्यानं तोडलं. भर वर्गात, आमच्यासमोर.

"दुःखद निधन" असे फ्लेक्स लागले तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. निधन नाही, खून. आज वर्ष झालं, आज तरी नीट म्हणा.

शैला मॅडम मिरजेत आम्हा सायकॉलॉजीच्या पोरांना सीबीटी शिकवायच्या. म्हणजे माणसाच्या मनात घर करून बसलेला विचार पकडायचा आणि तो खरा की खोटा हे त्यालाच तपासायला लावायचं. पुस्तकात लय सोपं वाटतं.

मॅडमचा पुस्तकावर भरवसा नव्हता. तास चालू असताना त्या अचानक कुणालाही वर्गात घुसवायच्या. कधी रिक्षावाले काका, कधी चहावाला.

त्यांनी ठरल्याप्रमाणे ओरडायचं, टेबल बडवायचं, शिव्या घालायच्या. आम्ही त्यांना पेशंट समजून शांत करायचं.

काकांनी एकदा जोशात खुर्चीच मोडली. नंतर बिचारे तासभर सॉरी म्हणत होते आणि मॅडम पोट धरून हसत होत्या.

शनिवारी खरे पेशंट यायचे. त्यात शिराळ्याकडची एक बाई आली. इथं तिला रेखाताई म्हणते, नाव वेगळं आहे.

"नवरा मला मारून टाकणार हाय," ती म्हणाली.

आमच्या सूरजनं पुस्तकातला प्रश्न विचारला. "ताई, असंच होणार, याला पुरावा काय?"

तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, केस बाजूला केले. कानामागून मानेपर्यंत टाके.

"एवढा बास हाय का, दादा?"

मॅडम ताडकन उठल्या.

"सूरज, थांब. हिचा विचार खरा आहे. खऱ्या विचाराशी वाद घालत बसायचं नाही. आधी माणूस हलवायचा."

त्याच आठवड्यात मॅडमनी आणि मी तिला एसटीनं दूर नेऊन सोडलं. कुठं, ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. आता ती तिथंही नाही, म्हणून लिहितेय. कमेंटमध्ये विचारू नका.

मग एका दुपारी राग कसा हाताळायचा यावर तास चालू होता. दारावर लाथ बसली आणि एक माणूस आत आला. हातात ऊसतोडीचा कोयता.

"माजी बायकू कुठं हाय?"

आम्हाला वाटलं, आजचा पेशंट आला.

देवाशपथ सांगते, कुणीतरी कुजबुजलं, "ॲक्टिंग भारी आहे." सूरज तर पुढं झाला. "दादा, तुम्हाला खूप राग आलाय. आधी बसूया का?"

कोयता टेबलात रुतला. लाकडाचे तुकडे उडाले. मी मॅडमकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक.

तेव्हा कळलं.

त्यानं कोयता उपसला आणि एकेकावर रोखायला लागला. "तुला म्हाईत हाय? तुला? सांग की गं ए!"

माझ्यापर्यंत आला. माझं तोंड उघडलं होतं. काय बोलले असते, मला खरंच माहीत नाही.

मॅडम मध्ये आल्या.

"पोरांना काही माहीत नाही. मला एकटीला माहिती आहे. आणि मी सांगणार नाही."

पहिला वार खांद्यावर. दुसरा मानेवर. फळ्यावर रक्त उडालं.

मग आम्ही तुटून पडलो. सूरजनं खुर्ची घातली. मी फळ्याचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या डोक्यात घातला. परत घातला. बरं वाटलं. हो, बरं वाटलं, लिहून ठेवा.

मिरजेत चार पावलांवर हॉस्पिटल असतं. तरी मॅडम पोचल्या नाहीत.

तो आत आहे, केस चालू आहे. आणि "दुसऱ्याच्या संसारात पडायचं कशाला" म्हणणारे बाहेर मोकाट आहेत. त्यांनी मला आत्ताच्या आत्ता अनफ्रेंड करावं.

काल रेखाताईचा फोन आला.

"मॅडम माज्यापायी गेल्या. मी आलेच नसते तर जित्या असत्या."

मी विचारलं, "ताई, कोयता कुणाच्या हातात होता?"

"त्येच्या."

"उचलला कुणी?"

"त्येनंच."

"मग मॅडमना कुणी मारलं?"

ती रडायला लागली. तिचं असं मोकळं होऊन रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. मीही रडले. पेशंटसोबत रडायचं नसतं, माहीत आहे. तुम्ही ओरडला असता, मॅडम.

भावपूर्ण वगैरे लिहायला हात उठत नाही, अजून रागच आहे.

पण बाई जिवंत आहे. एवढं सांगायचं होतं. निवांत झोपा.