पट्ट्यावरची जाळी

कायद्याच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलानं कायद्याविषयी लिहावं, हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझी थोरली बहीण, अक्का, कलबुर्गीच्या एका डाळ मिलमध्ये झाडलोट करायची. मी बिदरला, नौबादमध्ये खोली घेऊन राहतो. रविवारी तिचा फोन यायचा. खंडेनवमीनंतर तिनं बोलता बोलता सांगितलं, की पूजेसाठी यंत्राच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढली, चाकाला झेंडूचा हार घातला, कोहळा फोडला. मिल सुरू झाली तरी जाळी भिंतीलाच टेकवलेली होती.

"परत कामून बसवली न्हाई?"

"पूजेचं चाक लगेच झाकू न्हाई म्हणतेत. हार वाळू दे."

"आन् तुझा पदर?"

"खोचलाय की. वकीलसाब, पुस्तक वाचायलास तर पुस्तकच वाच."

दिवाळी झाली. हार वाळून गळाला, जाळी तिथंच. फिरत्या पट्ट्याला आवरण हवंच, असं केंद्राचा कायदा सांगतो. तो मी वर्गात शिकत होतो, आणि अक्का रोज त्याच पट्ट्याखालून भुसा ओढत होती. तिला न विचारता मी कारखाना निरीक्षकांकडे तक्रार पाठवली. तक्रार करणाऱ्याचं नाव ते उघड करत नाहीत, हेही शिकलो होतो. त्यांनी केलंही नाही. ते येऊन गेले, जाळी बसली. पण त्या मिलमध्ये कायदा शिकणारा भाऊ एकट्या अक्कालाच होता.

"तिला कामावर येऊ नको म्हणले," मायनं गावाकडून कळवलं. अक्का माझा फोन उचलेना.

तेव्हापासून रविवार जड जातो. त्या दिवशी संध्याकाळचा डबा नसतो. दुपारच्या भाकरी राखून ठेवतो आणि गच्चीवर जातो. इतर दिवशी डोक्यावरून हवाई दलाची सरावाची विमानं जातात. रविवारी तीही नसतात. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या शेतपूजेला गावी गेलो, तर अक्का आली नव्हती. शेतात पंगत बसली, मी लवकरच उठलो.

परवा मायचा फोन आला. तुरीचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अक्का कामाला लागली बरं. दुसऱ्या मिलात."

मी विचारलं, "तिथं पट्ट्याला जाळी हाय का?"



"न्हाई म्हणं. पर तुला सांगू नको म्हणलीय."