गळाची दोरी

गळाला लावायच्या भुईमुगाच्या पेंडीचा वास आला की गंगापूर धरणावरची ती दुपार आठवते. बहिणीला पाहायला आलेल्या मुलाच्या वडिलांना गळाने मासे धरायचा भारी नाद, म्हणून मीच त्यांना छोट्या होडीतून पाण्यावर नेलं. दुपार कलली तसा वारा सुटला, लाटा उठल्या आणि होडीची कड पाण्यावर जेमतेम चार बोटं उरली. "काका, आता फिरू या," मी म्हणालो. "नाशिकची पोरं एवढी भित्री?" ते हसले. तेवढ्यात मोठा मासा लागला. ते ताडकन उभे राहिले, होडी कलून पाणी आत आलं. "काका, खाली बसा! पोहता येत नाही तुम्हाला!" ते ऐकेनात, तेव्हा मी सुरीने गळाची दोरीच कापली. ते धपकन आत बसले आणि होडी सावरली. मीच वल्हवत होडी काठाला आणली. घरी बहिणीच्या हातचे पोहे खाऊन निघताना "कळवतो" म्हणाले. महिन्याने मध्यस्थ निरोप घेऊन आला, "पाहुण्याच्या हातचा मासा घालवणाऱ्या घरची मुलगी नको." बहीण आज तिच्या घरी सुखात आहे, पण माझा राग उतरलेला नाही, कारण पुढे त्याच मुलाच्या लग्नात ते गृहस्थ बुडती होडी आपण एकट्याने कशी काठाला लावली, हे सांगत होते म्हणे.