न्हाणीजवळचा पानओवा

माझं बाळंतपण बोरीला, माहेरी झालं. सासरी निघाले तवा मायनं ओल्या फडक्यात पानओव्याची एक फांदी बांधून दिली. म्हणली, "पोरीचं पोट दुखलं की तू पानं खा, दुधातून तिला गुण येतो." जाड पानं, मऊ लव, चुरगाळलं की ओव्याचा वास. म्या ती न्हाणीजवळ लावली. लेकराच्या अंघोळीचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणत्यात, म्हणून रोज बादलीभर त्याच्याच बुडात ओतायची.

वाढलं लय! आन एका सकाळी बघते तर पानं पिवळी, देठ काळा, बुडात निस्ता चिखल. पोरीचं पाणी पिऊन झाड मेलं, आता पोरीचं कसं व्हायचं? त्यात ती पोटाशी पाय घेऊन रडायलेली. दुसरी फांदी आणावी तर दिस दंग्याधोप्याचे, बोरीच्या वाटंला बाईमाणसाला कुणी जाऊ देईना.

सासूबाईला, आमच्या आत्यांना, रडत रडत सांगितलं. त्यांनी झाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अगं बये, बाळंतीण तू का हे झाड? रोज न्हाऊ घालायलीस त्याला!"

"पण आत्या, पोरीचं पाणी…"

"कुणाचंबी असू दे. बादलीनं कुजलं. ह्याला तहान लागू द्यावी लागती."

वरचा शेंडा तेवढा हिरवा होता. आत्यांनी तो खुडला, सावलीत सुकवला, फुटक्या माठात वाळू-माती घालून खोचला. "आता पाणी घातलंस तर हात बांधून ठेवीन." अंघोळीचं पाणी मी केळीला घालाया लागले.

उठलं की आधी पोरीचं पोट चाचपायची, मग माठ बघायची. शेंडा मान टाकून, पोरगी किरकिरी. मग एक दिस शेंडा ताठ, मधी दोन पानं, उंदराच्या कानाएवढी!

"आत्या, आत्या, जगलं!"

पानं भरल्यावर ती चिरून ज्वारीच्या पिठात घातली, लसूण-तिखट लावलं, धपाटे थापले. आत्यांनी पहिला मलाच दिला. दुपारी पोरीनं मांडीवर पोटाशी पाय घेतले, मी पोट चाचपाया गेले, आन तिनं असा बार काढला की वसरीतून मामंजी म्हणले, "काय पडलं गं?" आत्या पदर तोंडाला लावून हसल्या. पोरगी गाढ झोपली.

आता ती रांगायलीय, सारखी माठाकडंच जाती, पानं ओढती. ओढू दे. पाणी मातर मी अजून आत्याला विचारूनच घालते.