बुधाजींचं गाऱ्हाणं

घशाच्या कॅन्सरपायी डॉक्टरांनी बुधाजी परबांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हा त्यांची लालबागची चाळ हळहळली. आणि त्या दुपारी निवांत झोपलीही. पंचवीस वर्षं गिरणीत साच्यांवर, म्हणजे खडखडणाऱ्या मागांवर, काढलेला हा माणूस घरातही साचे चालू असल्यासारखाच बोलायचा. त्यांनी "मीठ दे" म्हटलं की खालच्या मजल्यावरची बाई वाटी घेऊन वर यायची.

पण चाळीच्या सत्यनारायणाला देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते बुधाजींनीच. ते एकेक मागणं मांडणार आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देणार. तीस वर्षांचा मान.

पूजेला सहा महिने असतानाच कमिटीचा दीपक सांगायला आला, "काका, टेन्शन नको. गेल्या वर्षीचा व्हिडिओ आहे. स्पीकरवर लावू."

बुधाजींचे ओठ हलले. बायको रखमाही गिरणीतली, सूत गुंडाळायच्या रीळ खात्यातली. तिथल्या गदारोळात बोलणं ऐकू येत नसे, ओठांवरून वाचावं लागे. तिने वाचून सांगितलं, "ते म्हणतत, मी अजून मरूक नाय. फुडचा सांगण्यासारख्या नाय."

दुसऱ्या दिवशी दोघं परळच्या हॉस्पिटलात, बोलणं शिकवणाऱ्या अनुजासमोर.

"काका, छातीतली हवा आता गळ्याच्या भोकातून परस्पर जाते. म्हणून तोंडातली हवा अन्ननलिकेच्या तोंडाशी ढकलायची आणि खाली उतरायच्या आत परत आणायची. तिथली कातडी थरथरते, तोच आवाज. अक्षरं घडवायला जीभ, ओठ आहेतच."

"म्हंजे ढेकर," रखमा म्हणाली.

"शिकलेला ढेकर."

पा, टा, का. रोज सकाळी चहाआधी, गॅलरीत. पहिला महिना नुसतं पोट फुगलं. दुसऱ्या महिन्यात एक "पा" निघाला, तोही शेजाऱ्याला दाराच्या कडीचा आवाज वाटला. मग "टोपी" आली, "पाटी" आली. रखमा प्रत्येक शब्द ओळखायची. अनुजाने ते बंद केलं. "मावशी, तुम्ही ऐकत नाही, बघता. पाठ करून बसा." तेव्हापासून रखमाचं तोंड गॅसकडे आणि बुधाजींची परीक्षा कडक.

"ह" मात्र येईना. तो निव्वळ छातीतला श्वास. तो गळ्यातूनच पसार. शिवाय एका घासाची हवा चार-पाच अक्षरांत संपे. गाऱ्हाण्यात तर मागण्या गाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. बुधाजींनी वही घेऊन बसून मागण्याच बदलल्या: हाताशी असलेल्या अक्षरांच्या, आणि आखूड.

पूजेच्या दिवशी दीपक मोबाइल हातात धरूनच उभा होता. बुधाजींनी नारळ धरला, गाल किंचित फुगवले.

"बा देवा..."

घोगरा, खालून आलेला आवाज.

"टाकीत पाणी पाठव."

हवा संपली. बुधाजी ओठ मिटून नवा घास भरू लागले. सगळी चाळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, दीपकचा अंगठा मोबाइलवर सरकला. रखमा तेवढी पाठ फिरवून, दाराकडे तोंड करून उभी होती.

"व्हय म्हाराजा!" ती ओरडली.

मग चाळीलाही आपलं काम आठवलं. "व्हय म्हाराजा!" तेवढ्यात बुधाजींचा घास भरला. त्यांना न जमणारा "ह" चाळीने म्हणायचा, आणि ती म्हणेपर्यंत त्यांनी हवा घ्यायची. वाडवडिलांनी सोय करूनच ठेवली होती.

"कमिटीक बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा!" चाळ गरजली.

दीपकने मोबाइल खिशात टाकला आणि, नाइलाज होता, तोही ओरडला.